नोंदवही उघडेना तेव्हा : हौशी रेडिओ, लिनक्स आणि कारणाचा शोध

वसतिगृहाच्या शाळेत वाढलेल्या प्रत्येकाला नोंदवहीचे महत्त्व ठाऊक असते. हजेरी, भांडार, ग्रंथालय या सर्वांच्या वह्या वेळच्या वेळी भरल्या म्हणूनच संस्थेचा कारभार चालला. अशाच एका वहीविषयी, परंतु संगणकातील वहीविषयी, हा लेख आहे. आपले काही माजी विद्यार्थी हौशी रेडिओकडे वळत आहेत. त्यांना आणि त्यांच्या पालकांना तो उपयोगी पडावा, हा हेतू.

हौशी रेडिओ म्हणजे परवानाधारक नागरिकाने स्वतःच्या यंत्रावरून, कोणताही आर्थिक लाभ न घेता, जगभरच्या इतर परवानाधारकांशी साधलेला बिनतारी संवाद. केंद्र शासनाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ‘व्हीयू’ अक्षरांनी सुरू होणारे बोधचिन्ह मिळते. वयाची बारा वर्षे पूर्ण केलेला विद्यार्थीही या परीक्षेस बसू शकतो. १९९३ च्या लातूर-किल्लारी भूकंपानंतर आणि २००१ च्या गुजरात भूकंपानंतर संपर्काची साधने कोलमडली, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी निरोप पोहोचविले. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचा महापूर पाहिलेल्या आपल्या गोंदिया जिल्ह्याला या सेवेचे मोल वेगळे सांगावयास नको.

प्रत्येक संपर्काची तारीख, वेळ, कंप्रता आणि समोरच्याचे बोधचिन्ह नोंदविणे हा या छंदाचा शिस्तभाग आहे. १९७८ च्या नियमांनी ते बंधनकारकच केले. आज हे काम संगणकावर होते. लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते, म्हणून मर्यादित साधनांच्या घरात ती सोयीची ठरते. तिच्यावर ‘सीक्यूआरलॉग’, ‘केलॉग’ अशी नोंदवहीची सॉफ्टवेअरे उपलब्ध आहेत. मात्र ती अडली की नवशिका गोंधळतो.

तथागतांनी शिकविले की कारणाशिवाय काहीही उत्पन्न होत नाही आणि कारण दूर झाले की परिणामही निवतो. यंत्रदोषाच्या बाबतीतही हाच मार्ग धरावा. प्रथम दोष नेमका काय आहे ते पाहावे, मग त्याचे कारण शोधावे, आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर कशाने गुण आला ते कळत नाही.

पहिला नेहमीचा दोष : संगणक रेडिओशी बोलत नाही. यूएसबी तार जोडल्यावर ‘डीमेसग’ ही आज्ञा द्यावी. तार ओळखली गेली असेल, तर ‘टीटीवाय-यूएसबी-०’ असे नाव दिसते. नाव दिसूनही ‘परवानगी नाही’ असा संदेश आला, तर वापरकर्ता ‘डायलआउट’ या गटात नाही असे समजावे. डेबियन व उबुंटू प्रणालींत त्याला त्या गटात घालून, एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा लागतो. पुन्हा प्रवेश करावयाचे राहून गेल्यामुळे अनेकांचा पुढील तास वाया जातो. नाव क्षणभर दिसून नाहीसे होत असेल, तर अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल यंत्रासाठी असलेली ‘बीआरएलटीटीवाय’ सेवा ती तार आपली समजून ताब्यात घेत असण्याचा संभव आहे, उबुंटू २२.०४ मध्ये स्वस्त तारांबाबत हे पुष्कळदा घडले. घरात ब्रेल यंत्र वापरणारे कोणी नसेल, तरच ती सेवा काढावी. हे सारे ठीक असल्यास रेडिओतील व सॉफ्टवेअरमधील बॉड-गती सारखीच आहे ना, ते ताडून पाहावे.

दुसरा दोष वेळेचा. नोंदी जागतिक प्रमाणवेळेत होतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. गोरेगावी १४ तारखेला पहाटे ४ वाजता झालेला संपर्क १३ तारखेस रात्री १०.३० वाजता झाला, असे लिहावे लागते. येथे चूक झाली, तर समोरच्याची नोंद आपल्या नोंदीशी जुळत नाही आणि संपर्काची पुष्टी मिळत नाही. ‘एफटी-८’ या पद्धतीत प्रत्येक पाळी १५ सेकंदांची असल्याने घड्याळ एक-दोन सेकंद चुकले तरी संदेश उलगडण्यात अडचण येऊ शकते. ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने घड्याळ इंटरनेटशी जुळलेले आहे का, ते कळते.

तिसरा दोष सर्वांत भीतिदायक : नोंदवहीच उघडत नाही. सीक्यूआरलॉग आपल्या नोंदी मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसात ठेवते. एका रात्री माझ्या संगणकावर डेटाबेसशी संपर्क होत नसल्याचा संदेश आला. एका हितचिंतकाने सुचविले, लपलेला जुना फोल्डर पुसून सर्व नव्याने बसवा. सुदैवाने मी आधी डिस्क तपासली. ती काठोकाठ भरली होती. अनावश्यक चित्रफिती काढताच वही उघडली. त्या फोल्डरातच माझ्या साऱ्या नोंदी होत्या! डिस्कवर जागा असेल, तर ‘ॲपआर्मर’ ही सुरक्षाव्यवस्था डेटाबेसला अडवते आहे का, हे पाहावे. हे कारणही वारंवार आढळते.

ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता स्वतः पडताळून पाहा, हा कालामांना दिलेला उपदेश मला त्या रात्री नव्याने समजला. म्हणून शेवटी एकच आग्रह : दर आठवड्याला नोंदी ‘एडीआयएफ’ स्वरूपात काढून पेनड्राइव्हवर ठेवाव्यात. हे स्वरूप जवळजवळ प्रत्येक नोंदवही-सॉफ्टवेअर वाचू शकते. संगणक गेला तरी नोंदी उरतात.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या हाती लेखणी येऊ दिली गेली नव्हती. बाबासाहेबांमुळे ती आपल्या हाती आली. आज गोरेगावचे एखादे लेकरू आपले बोधचिन्ह आकाशात पाठवील आणि दूर देशी कोणी ते लिहून घेईल, तेव्हा आपल्या बाजूची नोंदही तितकीच अचूक असावी.