टक्कल : डोक्यावरचा खोडवा



ऊस विकास खात्याच्या माणसाने केसांवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. पण निमित्तच तसे घडले. गेल्या हंगामात लागणीची नोंद घ्यायला आम्ही एका सभासदाच्या शेतावर गेलो होतो. त्यांचा पंचविशीतला मुलगा बांधावर गाठून हळूच म्हणाला, "साहेब, तुमचे केस कधीपासून गेले?" आमचे रान तिशीतच मोकळे झाले, हे आम्ही टोपी काढून दाखवले. मग कळले, की दोन स्थळे मोडल्यावर पोराने उसाच्या बिलातले सात हजार रुपये एका तेलवाल्याला दिले होते. बापाला पत्ता नव्हता.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग वाढ थांबते, तीनेक महिने मूळ विश्रांती घेते, केस गळतो आणि त्याच मुळातून नवा फुटतो. म्हणजे आपला खोडवाच! त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे हा रोग नव्हे.

पुरुषांच्या टकलात बिघाड वेगळा. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचे दुसरे संप्रेरक बनते. कपाळावरची व टाळूवरची मुळे आनुवंशिकतेने त्याला हळवी असली, की दर फेरीला वाढीचा काळ घटतो आणि मूळ आकसते. लागणीचा ऊस जाड, खोडवा बारीक, निडवा त्याहून बारीक, तसे केस होत जातात. कानामागची मुळे तेवढी हळवी नसतात, म्हणून तिथली झालर टिकते.

१९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवले, की वयात येण्यापूर्वी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. तेव्हा दोष टोपीचा नाही, पाण्याचाही नाही. वारसाही नुसता आजोळचा नसतो, दोन्हीकडून येतो.

मात्र प्रत्येक गळती ही नव्हे. टायफॉइड, डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात, ते बहुधा परत येतात. गोल चट्टे पडले तर ती चाई असू शकते. थायरॉइडचा विकार, अंगात लोह कमी, हीही कारणे असतात. माती परीक्षणाशिवाय खत टाकू नये, तसे तपासणीशिवाय औषध घेऊ नये.

औषधे आहेत. मिनॉक्सिडिल डोक्याला लावतात, फिनास्टेराइडची गोळी डीएचटी कमी करते. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. गोळीचे काहींना लैंगिक दुष्परिणाम होतात. औषध बंद केले की आलेला गुण जातो. केशरोपणात मागची मुळे पुढे लावतात आणि ती मागचाच गुण राखतात. बेणे ज्या जातीचे, ऊस त्या जातीचा! पण महिन्याभरात टक्कल भरून देणारे तेल नाही. आकसलेले मूळ तेलाने पोसत नाही.

पोराने अखेर घरी सांगितले. बाप रागावेल असे आम्हांस वाटले होते. तो एवढेच म्हणाला, "अरे, माझ्या लग्नात मीही टोपी काढली नव्हती. तुझी आई आली ना नांदायला?"