निळ्या ठिपक्याला रस्ता कोण सांगतो?

परदेशात भाड्याने गाडी घेऊन फिरायचे ठरले की घरोघरी एक वाद रंगतो. एकजण म्हणतो, फोनचा भरवसा धरू नका, वेगळे जीपीएस यंत्र घ्या. दुसरा म्हणतो, ते यंत्र आता कोण वापरते, फोन पुरे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण पडद्यावर दिसते ते सगळे एकाच ठिकाणाहून येते, असे दोघेही धरून चालतात. आपण कुठे आहोत हे उपग्रहांमुळे कळते. रस्ता कुठून कुठे जातो हे नकाशातून कळते. पुढे वाहतूक तुंबली आहे का, हे इंटरनेटवरून कळते. आणि त्या रस्त्यावर आपली गाडी न्यायला परवानगी आहे का, हे पुष्कळदा पडद्यावर कुठेच नसते. परदेशातल्या प्रवासाबद्दलचे बहुतेक गैरसमज या चार गोष्टींची गल्लत झाल्याने होतात. फोन की यंत्र, या प्रश्नाचे उत्तर त्या सुट्या केल्याशिवाय मिळत नाही.

“इंटरनेट नसले की फोनचे जीपीएस बंद”

हा सर्वांत पसरलेला आणि महागात पडणारा समज आहे. त्यापायी लोक नको तेवढे रोमिंग विकत घेतात, किंवा गाडीबरोबर दिवसाच्या भाड्याने मिळणारे यंत्र घेतात आणि त्याचे पैसे शेवटी ई-सिमपेक्षा जास्त भरतात.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात आणि सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. फोन असो की यंत्र, ते फक्त ऐकते, उलट काहीही पाठवत नाही. किमान चार उपग्रहांचे संकेत पोहोचायला किती वेळ लागला यावरून ते आपली जागा काढते. याला सिम लागत नाही, डेटा लागत नाही, पैसे पडत नाहीत. १९८३ साली कोरियन एअरलाइन्सचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. त्यात २६९ माणसे गेली. त्यानंतर ही यंत्रणा नागरी वापरासाठी मोफत खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. नागरिकांसाठीच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली गेली आणि मोटारीसाठी जीपीएस खऱ्या अर्थाने उपयोगी झाले. आजचे फोन अमेरिकेच्या जीपीएसखेरीज रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बेइदोऊ यांचेही संकेत घेतात. आपले नाविक मात्र भारत आणि भोवतालच्या सुमारे १,५०० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी आहे. युरोप-अमेरिकेत त्याचा उपयोग नाही.

इंटरनेट मदत करते ती सुरुवातीला. कोणता उपग्रह आत्ता कुठे आहे, ही माहिती फोन नेटवर्कवरून चटकन घेतो. नेटवर्क नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून यावी लागते, आणि ती सावकाश येते. म्हणून विमानतळावरून निघताना नकाशावरचा निळा ठिपका एखादे मिनिट मुंबईतच अडकलेला दिसला तर घाबरू नये. मोकळ्या आकाशाखाली थांबावे, तो जागेवर येतो.

खरी अडचण ठिपक्याची नसते, त्याच्याखालच्या नकाशाची असते. डेटा नसेल तर ठिपका बरोबर जागी असतो आणि भोवती राखाडी चौकट. उपाय घरच्या वायफायवर करायचा: जायचा सगळा टापू गूगल मॅप्समध्ये आधीच उतरवून घ्या. अ‍ॅपल मॅप्सलाही ही सोय २०२३ पासून आली आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारे ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड घेतले तर अख्खा देश फोनमध्ये बसतो आणि पायवाटाही मिळतात.

मात्र उतरवलेल्या नकाशाची मर्यादा ओळखून असावे. गूगलच्या ऑफलाइन नकाशावर मोटारीचा रस्ता मिळतो, पण पायी जाण्याचा किंवा बस-रेल्वेचा मिळत नाही. मोटारीच्या रस्त्यातही वाहतुकीची स्थिती, पर्यायी मार्ग आणि कोणत्या लेनमध्ये राहायचे हे कळत नाही. उतरवलेल्या चौकटीबाहेर मुक्काम असेल तर मार्गच निघत नाही. या नकाशांना मुदतही असते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ते ताजे करून घ्यावेत.

डेटा घेणार असाल तर एक सूचना. ‘युरोपचे सिम’ या शब्दांवर विसंबू नका. युरोपीय संघात जून २०१७ पासून एका देशाचे सिम दुसऱ्या देशात जादा पैशांशिवाय चालते, पण स्वित्झर्लंड संघात नाही. जर्मनीहून इटलीला जाताना वाटेत स्वित्झर्लंड लागले आणि योजनेत त्याचे नाव नसेल, तर आल्प्सच्या घाटातच डेटा बंद पडेल किंवा बिल चढेल. देशांची यादी वाचूनच सिम घ्या.

“वेगळे यंत्र जास्त अचूक असते”

पंधरा वर्षांपूर्वी हे बरेचसे खरे होते. आता मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची अचूकता पाचेक मीटरच्या आत असते, आणि मोटारीसाठी तेवढी पुरते. उंच इमारतींच्या दाटीत संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतात आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. तिथे यंत्रही त्याच अडचणीत असते.

बोगद्यात दोघांनाही आकाश दिसत नाही. नॉर्वेत ऑस्लो ते बर्गन रस्त्यावरचा लार्डाल बोगदा साडेचोवीस किलोमीटर लांब आहे. त्यात चुकायला वाव नाही. पण त्याच देशात हार्डांगर पुलाला जोडणाऱ्या वालाविक बोगद्यात चक्क जमिनीखाली वर्तुळाकार चौक आहे. अशा ठिकाणी गाडीत मुळातच बसवलेली यंत्रणा सरस ठरते, कारण तिला चाके किती फिरली आणि गाडी किती वळली हे गाडीकडूनच कळते. फोन अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकू शकतो. म्हणून बोगद्यात शिरण्याआधी पुढची दोन वळणे शेजारी बसलेल्याने मोठ्याने वाचून ठेवावीत. कोणत्याही यंत्रापेक्षा हा उपाय मला भरवशाचा वाटतो.

“यंत्र एकदा घेतले की नकाशांची चिंता मिटली”

यंत्राच्या खोक्यावर ‘लाइफटाइम मॅप्स’ लिहिलेले असते. ते आयुष्य त्या यंत्राचे असते, आपले नव्हे; आणि कंपनी त्या मॉडेलला नकाशे पुरवते तोवरच ते टिकते. शिवाय नकाशे प्रदेशानुसार असतात. भारताचा नकाशा असलेल्या यंत्रात युरोप असेलच असे नाही, तो वेगळा विकत घ्यावा लागतो. नातेवाइकांकडून मिळालेले जुने यंत्र नेणार असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. जीपीएसच्या जुन्या संकेतातला आठवड्यांचा आकडा १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. हे शेवटचे ६ एप्रिल २०१९ च्या रात्री घडले. त्यानंतर सॉफ्टवेअर न बदललेली काही जुनी यंत्रे तारीख चुकवतात आणि कधी जागाही.

“आता यंत्राचा काहीच उपयोग राहिला नाही”

ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने फोनवर मोफत दिशादर्शन सुरू केले, त्या दिवशी गार्मिन आणि टॉमटॉमचे शेअर धडाधड कोसळले. तेव्हापासून हे मत रूढ आहे. साध्या मोटारीसाठी ते मलाही बहुतांशी पटते. पण एका प्रवासाला वेगळे यंत्र नेण्याचा मी आग्रह धरेन: मोटरहोम किंवा कॅरॅव्हॅन घेऊन केलेला प्रवास. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथे आता मराठी कुटुंबेही अशी घरासारखी गाडी भाड्याने घेतात. गूगल मॅप्सला गाडीची उंची आणि वजन सांगता येत नाही. गूगलच्या दृष्टीने मोटरहोम आणि छोटी हॅचबॅक सारखीच. कॅम्परसाठी बनवलेल्या यंत्रात उंची, रुंदी, वजन भरता येते आणि ते ठेंगणे पूल टाळून नेते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात एक रेल्वेपूल ११ फूट ८ इंच उंचीचा होता. भाड्याच्या ट्रकांची छपरे त्याने इतक्यांदा सोलली की तो जगभर प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये तो आठ इंच उचलावा लागला. छप्पर सोलले गेले की विमाही सहसा हात वर करतो.

उष्णतेचा मुद्दाही यंत्राच्या बाजूचा आहे. आयफोन शून्य ते ३५ अंश तापमानात वापरण्यासाठी बनवलेला असल्याचे अ‍ॅपल स्वतःच सांगते. भर उन्हात काचेमागे चार्जिंगला लावलेला फोन तापला की पडदा मंद होतो, चार्जिंग थांबते. फोन एसीच्या झोताजवळ लावला तर बराच फरक पडतो. भाड्याच्या गाडीत कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो असेल तर फोनचा नकाशा गाडीच्याच पडद्यावर येतो. अनेक गाड्यांत त्यासाठी केबल लागते, आणि ती फक्त चार्जिंगची नव्हे तर डेटाची केबल हवी.

“नकाशाने नेले म्हणजे परवानगी आहे”

या समजापायी सर्वांत जास्त पैसे जातात. इटलीत फ्लॉरेन्स, रोम, पिसा अशा शहरांच्या जुन्या भागांत झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. तिथे परवान्याविना शिरलेल्या गाडीचा नंबर कॅमेरा टिपतो. नकाशा दर वेळी सावध करतोच असे नाही, आणि यंत्रही करत नाही. प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा, त्यावर भाड्याच्या कंपनीचे शुल्क वेगळे. परदेशी चालकाला नोटीस पाठवायला तिथल्या प्रशासनाला ३६० दिवसांची मुदत असते, त्यामुळे सहल विसरल्यावर पत्र घरी येते. हॉटेल अशा क्षेत्रात असेल तर गाडीचा नंबर ते नोंदवून देऊ शकतील का, हे आधी विचारा. नाहीतर गाडी बाहेरच्या पार्किंगमध्ये ठेवा.

स्वित्झर्लंडच्या मोटरवेसाठी ४० फ्रँकचा वार्षिक परवाना लागतो, ऑस्ट्रियातही तसाच परवाना आहे. स्वित्झर्लंडमध्ये घेतलेल्या गाडीवर तो असतो, जर्मनीत किंवा इटलीत घेतलेल्या गाडीवर बहुधा नसतो. फोन निमूटपणे मोटरवेवर नेईल.

वेगाच्या कॅमेऱ्यांबाबत तर आपल्याला शिकवलेच गेले आहे की अ‍ॅप सांगते ते ऐकावे. पण फ्रान्समध्ये जानेवारी २०१२ पासून कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणाऱ्या उपकरणांवर बंदी आहे, दंड १,५०० युरोपर्यंत. तिथली अधिकृत यंत्रे केवळ ‘धोक्याचा टप्पा’ दाखवतात. जर्मनीत गाडी चालवणाऱ्याला अशी सूचना वापरायची मनाई आहे. स्वित्झर्लंडमध्ये उपकरण जप्तही होऊ शकते. सीमा ओलांडण्याआधी ही सूचना अ‍ॅपमध्ये बंद करा. आणि फोन हातात धरून नकाशा पाहू नका: ब्रिटनमध्ये त्यासाठी २०० पौंड दंड आणि परवान्यावर सहा दंडगुण आहेत, जर्मनीत १०० युरो आणि एक गुण. कॅलिफोर्नियात तर होल्डर काचेच्या कोणत्या कोपऱ्यात लावायचा हेही कायद्याने ठरवले आहे.

“पत्ता टाकला की झाले”

फेब्रुवारी २०१६ मध्ये एक अमेरिकन पर्यटक आइसलँडच्या विमानतळावर उतरला. त्याचे हॉटेल रेक्याविकमध्ये लौगावेगुर रस्त्यावर होते, तासाभराच्या आत पोहोचण्यासारखे. भाड्याच्या गाडीतल्या जीपीएसमध्ये त्या नावात एक ‘आर’ जास्त पडला. यंत्राने त्याला बर्फातून कित्येक तास चालवत उत्तर किनाऱ्यावरच्या सिग्लुफ्योर्दुर गावी नेले, कारण त्या नावाचा रस्ता तिथे खरोखर होता. २००९ मध्ये एक स्वीडिश जोडपे काप्री बेटाऐवजी साडेसहाशे किलोमीटर दूर उत्तर इटलीतल्या कार्पी शहरात पोहोचले. दोन्ही वेळा यंत्र बिघडले नव्हते.

नकाशाच चुकतो तेव्हा गोष्ट गंभीर होते. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी जाहीर इशारा दिला होता: अ‍ॅपल मॅप्सने मिल्ड्युरा शहर खऱ्या जागेपासून सत्तर किलोमीटर दूर, मरे-सनसेट राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यात दाखवले होते. काही चालक पाण्याशिवाय तिथे अडकले, आणि तापमान ४६ अंशांपर्यंत जाऊ शकत होते. ती चूक लगेच दुरुस्त झाली. पण अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत केवळ दिशादर्शनावर विसंबू नका, असे तिथले उद्यान प्रशासन आजही सांगते. निर्जन भागात जाताना कागदी नकाशा आणि गाडीत भरपूर पाणी, याला पर्याय नाही.

पत्त्याची रीतही देशागणिक बदलते. आयर्लंडचा २०१५ पासूनचा एअरकोड प्रत्येक पत्त्याला वेगळा असतो. ब्रिटनचा पोस्टकोड मात्र अनेक घरांना एकच असतो, खेड्यात तो शेतापाशीही सोडतो. जपानच्या भाड्याच्या गाड्यांतल्या यंत्रात हॉटेलचा फोन नंबर किंवा ‘मॅपकोड’ हा आकडा टाकणे सोपे पडते. दक्षिण कोरियाने तपशीलवार नकाशे देशाबाहेर नेऊ देण्यावर वर्षानुवर्षे निर्बंध ठेवले आहेत. त्यामुळे तिथे मोटारीच्या रस्त्यासाठी लोक नेव्हर किंवा काकाओचे नकाशे वापरतात. तेच फोनमध्ये घ्यावेत.

“सॅटेलाइटवर चालणारी सगळी यंत्रे सारखीच”

जीपीएस यंत्र फक्त ऐकते. गार्मिनचे इनरीच किंवा तत्सम यंत्र उपग्रहामार्फत संदेश पाठवते, आणि अमेरिकेच्या वाळवंटात किंवा आइसलँडच्या डोंगरात ते जीव वाचवू शकते. पण भारतात असे संदेशयंत्र सरकारी परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे. ते सोबत आणल्याबद्दल गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना अडवून गुन्हे नोंदवले गेले आहेत. काहींना ते बेकायदा असल्याचे ठाऊकही नव्हते. परदेशातल्या मुलाने किंवा सुनेने प्रेमाने हे यंत्र दिले, तर सहल संपल्यावर ते तिथेच त्यांच्याकडे ठेवून या.