तुकडा काढताना

प्रोस्टेटचा तुकडा तपासायला काढायचा म्हटले की घरात धास्ती असते ती कर्करोगाची. सुई किती दुखेल, हे विचारायला साठीतला पुरुष कचरतो. वैद्यकानेही त्याला बराच काळ विचारले नाही. १९८९ साली अमेरिकेत हॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीत बघत ग्रंथीच्या ठरावीक सहा जागांतून नमुने घेण्याची पद्धत मांडली. पुढे सहाचे दहा-बारा झाले, तरी कित्येक ठिकाणी जागा बधिर न करताच काम उरकले जाई.

मुळात ही वेदना एका जागची नव्हे. गुदमार्गाने तपासताना पहिला त्रास होतो तो सोनोग्राफीची दांडी आत जाताना, कारण गुदद्वाराचा खालचा भाग त्वचेइतकाच हळवा. त्याच्या वरच्या अस्तराला सुई टोचल्याचे फारसे कळत नाही. दुसरी कळ खुद्द ग्रंथीची: खटका उडतो आणि सुई तिच्यात घुसते. लिडोकेनची जेली पहिल्या त्रासाला थोडीफार उपयोगी, पण दुसऱ्यावर तिचा भरवसा धरता येत नाही. ग्रंथीचे मज्जातंतू बाहेरून, मागच्या कडांनी येतात. त्यांच्यापाशीच औषध पोचवायला हवे. १९९६ साली नॅश आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच करून दाखवले. नंतरच्या चाचण्यांत हे इंजेक्शन जेलीपेक्षा सरस ठरले आणि युरोपीय मूत्ररोग संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही त्याची शिफारस आली. बधिर करणारी सुईसुद्धा टोचतेच, पण बारा वेळा नाही.

जंतुसंसर्ग टाळण्यासाठी आता वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून सुई घालण्याकडे कल आहे. तिथे आधी त्वचा आणि मग ग्रंथीभोवतीची जागा, अशा दोन्ही बधिर कराव्या लागतात. गुदद्वाराला चीर असेल किंवा माणूस फारच घाबरलेला असेल, तर गुंगी किंवा पूर्ण भूल देणेच बरे.

माझ्या मते हा प्रश्न नाजूकपणाचा नाहीच. सौम्य कर्करोगात लगेच उपचार न करता लक्ष ठेवायचे ठरले, तर काही काळाने पुन्हा तुकडा काढावा लागतो. पहिल्या वेळी दात-ओठ आवळून पडून राहिलेला माणूस दुसरी तारीख लांबवणारच. म्हणून डॉक्टरांना आधीच विचारावे: ग्रंथीच्या बाजूला बधिरीचे इंजेक्शन देणार का? औषध भिनायला थोडी मिनिटे थांबणार का? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पूर्वी बधिरीच्या औषधाची रिॲक्शन आली असेल, तर तेही तेव्हाच सांगावे. आणि खटक्याचा आवाज एकदा सुई न टोचता ऐकवायला सांगावा. काही डॉक्टर तो आपणहून ऐकवतात.