अकाराजे : चवळीचा वडा आणि त्याचं नाव

मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं होतं, ब्राझीलला गेलो तर काय खाऊन बघावं? फेजोआदा, म्हणजे डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेला काळ्या घेवड्याचा दाट रस्सा, हे नाव कुणीही सांगेल. खावा जरूर. पण आम्हाला विचाराल तर बाहिया प्रांतातल्या साल्व्हादोर शहरात जा आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून अकाराजे खा.

अकाराजे म्हणजे चवळीचा वडा. चवळी भिजवायची, चोळून सालं काढायची, वाटायची, कांदा-मीठ घालून हलकी होईपर्यंत फेटायची. इथपर्यंत मेदूवड्याची आठवण येते. पण तळायला लागतं देंदे, म्हणजे आफ्रिकी पामफळाचं लालसर तेल. वडा मधोमध चिरून त्यात वाटापा भरतात. सुकी कोळंबी, शेंगदाणे, काजू, नारळाचं दूध यांचा तो घट्ट लगदा. शिवाय भेंडीचं कारुरू आणि वरून पुन्हा कोळंबी. शाकाहारी मंडळींनी नुसता वडाच मागावा हे बरं.

नायजेरियातले योरुबा लोक अशाच वड्याला 'आकारा' म्हणतात. तिथून गुलाम म्हणून आणलेल्या बायकांनी तो इथे आणला. डोक्यावर टोपली घेऊन त्या रस्तोरस्ती विकायच्या. ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, वर उरेल ते आपलं. त्या उरलेल्यातून काहींनी स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं! ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. कांदोंब्ले या आफ्रिकी वळणाच्या धर्मात हा वडा इयान्सां या वादळाच्या देवीचा नैवेद्य आहे. २००५ साली सरकारने राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली ती वड्याची नव्हे, तो विकणाऱ्या बायांच्या व्यवसायाची. हे आम्हाला फार नेमकं वाटतं.

आता गंमत बघा. नव्या ख्रिस्ती पंथांत गेलेल्या काही विक्रेत्या तोच वडा 'येशूचा वडा' म्हणून विकतात. पीठ तेच, तेल तेच. मग बिघडलं काय? आम्ही जन्मभर वर्गात नाम आणि रूप शिकवलं, पण इथे अडखळलो. त्या बाईलाही पोट आहे, तिच्या नव्या श्रद्धेत इयान्सांला जागा नाही. तरी आमचं मत जुन्या विक्रेत्यांच्या बाजूने पडतं. आजीची आठवण पुसून तिच्याच कृतीवर धंदा करायचा, हे मनाला पटत नाही. तुमचं मत वेगळं असू शकेल.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. विकणारी विचारेल, "केंची की फ्रियू?" म्हणजे गरम की थंड. वडा गरमच असतो हो. ती तिखटाबद्दल विचारतेय. पहिल्या वेळी 'थंड' म्हणा. आम्ही ऐटीत 'गरम' म्हणालो आणि पुढची दहा मिनिटं बोलू शकलो नाही.