बँकेचा प्रमुख कसा जोखावा?

गोंदियातल्या खातेदाराला पुण्यात बसणारे बँकप्रमुख भेटत नाहीत. त्यांचे काम आकड्यांतून कळते. मुख्य आकडा अनुत्पादक कर्जांचा. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की कर्ज त्यात जाते. धानासारख्या अल्पमुदतीच्या पिकाच्या कर्जाला दोन हंगामांची मुभा असते.

पुण्यात मुख्यालय असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये मार्च 2018 अखेर एकूण कर्जांत अशा कर्जांचे ढोबळ प्रमाण 19 टक्क्यांवर होते. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये या बँकेवर घातलेले निर्बंध जानेवारी 2019 मध्ये उठले. मार्च 2024 पर्यंत प्रमाण 2 टक्क्यांखाली आले. यातला बहुतांश काळ ए. एस. राजीव व्यवस्थापकीय संचालक होते.

श्रेय मात्र एकट्याचे नसते. सरकारी भांडवलाचाही आधार होता. शिवाय प्रमाण वसुलीने घटते, तसेच निर्लेखनानेही, म्हणजे थकीत कर्ज ताळेबंदातून काढून टाकण्यानेही. वार्षिक अहवालात दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत.