नदीपायी झालेला रस्ता

न्यूयॉर्कजवळ व्हाइट प्लेन्सला लेकीकडे राहत होतो. एकदा तिचं नवं कपाट येणार होतं. घराजवळूनच झाडीतला झकास रस्ता जात असताना टेम्पोवाला मात्र लांबचा वळसा घालून आला. "बाबा, तो पार्कवे आहे," लेक म्हणाली, "त्यावर ट्रकला बंदी."

तीस वर्षं सार्वजनिक बांधकाम खात्यात काढलेल्या माणसाला हे पचेना. मालच न्यायचा नाही, तर रस्ता बांधला कशाला? म्हणून ब्राँक्स रिव्हर पार्कवेची कुळकथा शोधली. तर निघालं भलतंच. मूळ काम रस्त्याचं नव्हतंच, नदी साफ करण्याचं होतं.

ब्राँक्स नदीत तेव्हा सर्रास सांडपाणी सोडत. हेच पाणी पुढे ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयातून वाहायचं. 1907 साली कायद्याने कमिशन नेमलं गेलं. त्यावर मॅडिसन ग्रँट होते, त्या संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक. झाडाप्राण्यांवर माया आणि माणसांत मात्र वंशाची उतरंड मानणारा, असा अजब गृहस्थ. नदीकाठ विकत घ्यायचा, घरं आणि जाहिरातींचे फलक हटवायचे, बाग करायची आणि तिच्यातून एक रस्ता काढायचा, असा बेत ठरला. तेव्हा फोर्डची मॉडेल टी बाजारातही आली नव्हती. मध्ये महायुद्ध आलं, काम रेंगाळलं. 1925 मध्ये सुमारे 24 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला, तोवर मोटारींचा सुळसुळाट झाला होता.

मला सगळ्यात भावली ती कायद्यातली खुबी. साध्या रस्त्याला ज्याची जमीन लागून, त्याला रस्त्यावर उतरायचा हक्क असतो. इथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागेची जमीन, त्यामुळे शेजाऱ्याला तो हक्कच नाही. दुकान नाही, ढाबा नाही. आपल्याकडे बायपास झाला, की दोन वर्षांत त्याला टपऱ्यांची झालर लागते, मग त्या बायपासला बायपास! हे दुखणं मी जन्मभर निस्तरलं.

वळणं नदीच्या कलाने घेतली आहेत, आडवे रस्ते बऱ्याच ठिकाणी दगडी कमानींच्या पुलांवरून नेले आहेत. पण हे सगळं 1925च्या वेगाचं. आज लेक गाडी हाणते, तेव्हा मी दारावरची मूठ सोडत नाही.

मे, जून आणि सप्टेंबरमधल्या काही रविवारी व्हाइट प्लेन्सजवळचा तुकडा मोटारींना बंद ठेवून सायकलवाल्यांना देतात. तिकडे कुणाकडे गेलात, तर असा रविवार गाठा.