न्यूयॉर्कची कॅथलिक हायस्कुले आणि सामान्य मुलगा

न्यूयॉर्क शहरात दर वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास आठवीतील हजारो मुलेमुली कॅथलिक हायस्कुलांच्या सामाईक प्रवेश परीक्षेस बसतात. त्यासाठी पसंतीच्या तीन शाळांची नावे क्रमाने लिहून द्यावी लागतात. नावे अवघी तीन. परंतु ती ठरविताना घराघरांतून जी चर्चा, जी आकडेमोड आणि प्रसंगी जी भांडणे होतात, ती मराठी पालकास सर्वस्वी परकी वाटणार नाहीत. फरक आहे तो वेळेचा. मुंबईत सेंट झेवियर्स किंवा डॉन बॉस्को या शाळांत मुलाला घालण्याचा निर्णय तो धड बोलू लागण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो, आणि एकदा प्रवेश मिळाला की शालान्त परीक्षेपर्यंत बहुधा कोणी त्याचा पुनर्विचार करीत नाही. अमेरिकेत चर्चच्या धर्मग्रामाला जोडलेली शाळा आठवीस संपते. पुढचे चार वर्षांचे हायस्कूल निराळे असते. त्यामुळे मुलगा तेरा-चौदा वर्षांचा, म्हणजे स्वतःचे मत असलेला आणि ते बोलून दाखविण्याचे धैर्य नुकतेच आलेला असताना ही निवड करावी लागते.

मुलगा असेल तर निवडीला विविधता पुष्कळ आहे. मॅनहॅटनमध्ये सोळाव्या रस्त्यावर जेझुइटांचे १८४७ साली स्थापन झालेले झेवियर हायस्कूल आहे. तेथे दीर्घकाळ लष्करी शिक्षण सक्तीचे होते आणि ते १९७० नंतरच ऐच्छिक झाले. ब्राँक्समध्ये त्याच संघाचे फोर्डहॅम प्रेप आहे, ते १८४१ पासूनचे. चौऱ्याऐंशीव्या रस्त्यावरील रेजिस ही तर एक नवलाईच. न्यूयॉर्कच्या एका माजी महापौराच्या विधवा पत्नीने नाव प्रकट न करता दिलेल्या देणगीतून १९१४ मध्ये ती सुरू झाली, आणि तेथे आजही शिक्षण शुल्क घेतले जात नाही. मात्र प्रवेश केवळ बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक मुलांनाच, आणि तोही कठीण चाचणीनंतर. साथीच्या काळात जगभर परिचित झालेले डॉ. अँथनी फाउची हे ब्रुकलिनहून तेथे शिकायला जात. याउलट ब्राँक्समधील कार्डिनल हेज ही १९४१ मध्ये महाधर्मप्रांताने कामगार वस्तीतील मुलांसाठी उघडलेली शाळा. चित्रपट दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी आणि कादंबरीकार डॉन डिलिलो हे दोघेही तिचे विद्यार्थी. क्वीन्समधील आर्चबिशप मॉलॉय ही मॅरिस्ट ब्रदरांची शाळा २००० सालापर्यंत केवळ मुलांची होती. नंतर ती मुलींनाही खुली झाली.

अशा नामावळीवरून निवड करताना पूर्वीच्या पिढीजवळ एक सोयीचा निकष होता, तो म्हणजे शाळा कोणत्या धर्मसंघाची. हे संघ एका चर्चचे असले तरी एका वळणाचे नव्हते. जेझुइटांची शिक्षणपद्धती १५९९ च्या त्यांच्या नियमावलीत बांधली गेलेली. अभिजात भाषा, वक्तृत्व, वादविवाद यांवर तिचा भर. समाजात पुढारपण करतील अशी माणसे घडविण्याकडे तिचा ओढा. फ्रान्समधील जाँ-बातिस्त द ला साल यांनी सतराव्या शतकात नेमकी उलटी वाट धरली. गरिबांच्या मुलांना वाचन लॅटिनमधून न शिकविता प्रथम त्यांच्या फ्रेंच मातृभाषेतून शिकवावे, हा त्यांचा आग्रह होता. शिक्षणाच्या माध्यमावर गेली दीडशे वर्षे वाद घालणाऱ्या महाराष्ट्राने हे नाव अधिक परिचयाचे करून घ्यावयास हरकत नव्हती. एडमंड राइस यांनी १८०२ मध्ये आयर्लंडमधील वॉटरफर्ड येथे आरंभ केलेले ख्रिश्चन ब्रदर्स हेही दरिद्री मुलांचेच शिक्षक. शिस्त कडक, छडी हाताशी, फी नाममात्र. म्हणून न्यूयॉर्कच्या आयरिश किंवा इटालियन कुटुंबात वकील व्हावयाचा मुलगा जेझुइटांकडे आणि पोलिसात किंवा बँकेत चिकटावयाचा मुलगा ब्रदरांकडे, अशी ढोबळ पण समजण्याजोगी वाटणी होती.

आज ती वाटणी कागदावर उरली आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील कॅथलिक शाळांत शिकविणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास शिक्षक धर्मगुरू, ब्रदर किंवा सिस्टर होते. आता हे प्रमाण तीन टक्क्यांच्याही खाली गेले आहे. या व्रतस्थ माणसांना पगार असा नव्हताच. जेवणखाण, निवास आणि किरकोळ खर्च एवढ्यावर ती आयुष्यभर शिकवीत. ती गेली आणि त्यांच्या जागी संसारी शिक्षक आले. त्यांना घरभाडे आहे, मुलेबाळे आहेत. योग्य वेतन मागण्याचा त्यांचा हक्क कोण नाकारील? परंतु त्या वेतनाचा सारा भार फीवर पडला. १९६० नंतरच्या काही वर्षांत देशभरातील कॅथलिक शाळांत बावन्न लाखांच्या घरात मुले होती. आज ती सतरा लाखांच्या आसपास आहेत. बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार ज्या शाळेत घडला, ती ख्रिश्चन ब्रदरांची पॉवर मेमोरियल १९८४ मध्ये बंद पडली. हार्लेममधील राइस हायस्कूल, संस्थापकाच्याच नावाचे, २०११ मध्ये मिटले. ज्या शाळा गरिबांसाठी होत्या त्याच प्रथम गेल्या, ही यातील खेदाची गोष्ट.

भारतीय शिक्षकास येथे प्रश्न पडेल की सरकार अनुदान का देत नाही. आपल्याकडे राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा आणि चालविण्याचा हक्क दिला, आणि अनुदान देताना त्यांच्याबाबत भेदभाव करू नये असेही सांगितले. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या कित्येक मिशनरी शाळांतील शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात आणि कारकुनाच्या मुलालाही तेथे शिकता येते. अमेरिकेचा इतिहास वेगळा. १८४० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांत प्रॉटेस्टंट पंथीयांचे बायबल वाचले जाई. बिशप जॉन ह्यूज यांनी कॅथलिक शाळांसाठी सार्वजनिक पैशात वाटा मागितला, तो मिळाला नाही. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात याच प्रश्नावरून दंगली होऊन चर्चे जाळली गेली. अखेर १८८४ मध्ये बाल्टिमोरच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःची शाळा काढावी असा आदेश दिला आणि स्थलांतरित मजुरांच्या वर्गणीतून एक समांतर शिक्षणव्यवस्था उभी राहिली. ऑरेगॉन राज्याने सर्व मुलांना सार्वजनिक शाळांतच घालण्याची सक्ती करून पाहिली. १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे शाळा चालविण्याचा हक्क मिळाला. पैसा मात्र नाही. पेन्सिल्व्हेनिया आणि ऱ्होड आयलंड या राज्यांनी धार्मिक शाळांतील शिक्षकांच्या पगाराला हातभार लावू पाहिला, तोही न्यायालयाने १९७१ मध्ये घटनाबाह्य ठरविला. अलीकडे २००२ व २०२० च्या निर्णयांनी वारे फिरले असून काही राज्ये पालकांच्या हाती शुल्काचे पैसे देतात. न्यूयॉर्क त्या राज्यांत नाही.

परिणामी मॅनहॅटन-ब्राँक्समधील जेझुइट शाळेची फी आज वर्षाला वीस हजार डॉलरांच्या वर गेली आहे. चार वर्षांचे गणित करावे, त्यात धाकट्या भावंडाचा विचार मिळवावा, आणि मग स्टायव्हेसंट किंवा ब्राँक्स सायन्स यांसारख्या, प्रवेश परीक्षेने मिळणाऱ्या पण पूर्णतः मोफत सार्वजनिक शाळांकडे पाहावे. एवढा खर्च कशासाठी, हा प्रश्न बापाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८२ मध्ये दिले होते आणि त्यावरून मोठा वाद माजला होता. त्यांच्या पाहणीप्रमाणे कॅथलिक हायस्कुलांतील मुले सार्वजनिक शाळांतील तशाच घरच्या मुलांपेक्षा अभ्यासात पुढे होती, आणि हा लाभ गरीब व अल्पशिक्षित घरांतील मुलांना अधिक होत होता. विरोधकांचा आक्षेप निराधार नव्हता. जे पालक पदरमोड करून फी भरतात ते मुळातच मुलाच्या शिक्षणाबद्दल जागरूक असतात. शिवाय नकोसा मुलगा काढून टाकण्याची मुभा खाजगी शाळेला असते, सार्वजनिक शाळेला नसते. पुढे १९९३ मध्ये अँथनी ब्रिक, व्हॅलरी ली आणि पीटर हॉलंड यांनी या शाळांचा आतून अभ्यास केला. त्यांच्या विवेचनातील मर्म असे की सार्वजनिक हायस्कुलात मुलांची वर्गवारी होऊन कोणी कॉलेजच्या मार्गाला, कोणी धंदेशिक्षणाच्या, तर कोणी कोणत्याच मार्गाला लागत नसे. कॅथलिक शाळांकडे असे दहा अभ्यासक्रम चालविण्याइतका पैसाच नव्हता. त्यामुळे बीजगणित, इतिहास, परकी भाषा हे सर्वांनाच शिकावे लागे. दारिद्र्यातून आलेला हा एकसारखेपणा सामान्य मुलाच्या पथ्यावर पडला!

पालकांच्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट हरवलेली दिसते. शाळेच्या माहितीपत्रकात हार्वर्ड-कोलंबियाला गेलेल्या मुलांची नावे असतात, बास्केटबॉलची ढाल असते, नवी प्रयोगशाळा असते. हुशार मुले कोठेही चमकतात. त्यांच्यावरून शाळेची परीक्षा होत नाही. वर्गात विसावा-पंचविसावा येणारा, ज्याला गणितात एकदा समजावून पुरत नाही आणि खेळातही संघात जागा मिळत नाही, असा मुलगा चार वर्षांनी त्या शाळेतून काय होऊन बाहेर पडतो? नववीत आलेल्यांपैकी किती जण बारावीस त्याच शाळेत असतात? निवडक मुले घेऊन निवडक निकाल लावणे ही फार मोठी करामत नव्हे. जी शाळा चाळणी लावून मुले घेते आणि पुन्हा दोन वर्षांनी मागे पडलेल्यांना इतरत्र जाण्याचा सल्ला देते, ती जेझुइटांची असो वा आणखी कोणाची, सामान्य मुलाच्या बापाने तिच्या कीर्तीला भुलण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न अधिक अप्रिय आहे. पण तो विचारल्यावाचून गत्यंतर नाही. २००२ मध्ये बॉस्टनमध्ये धर्मगुरूंकडून मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांचे आणि ते दडपून ठेवल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यानंतरच्या दाव्यांच्या ओझ्याखाली ख्रिश्चन ब्रदर्सच्या उत्तर अमेरिकेतील संस्थेने २०११ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये कायदा करून जुन्या पीडितांनाही न्यायालयाची दारे खुली केली. ज्यांनी शेकडो गरीब मुलांना माणसांत आणले त्याच संघांच्या इतिहासात हेही आहे. तक्रार आली तर ती कोणाकडे जाते, पोलिसांना केव्हा कळविले जाते, मुलाबरोबर एकांतात बसण्याचे नियम कोणते, हे शाळेला स्पष्ट विचारावे. उत्तर देताना जी शाळा अवघडते वा रागावते तिचे नाव यादीतून काढण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

परिस्थिती बेताची असलेल्या कुटुंबांसाठी शिकागोच्या जेझुइटांनी १९९६ मध्ये एक निराळाच मार्ग काढला. क्रिस्तो रे या नावाच्या त्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थी महिन्यातून पाच दिवस बँकेत, वकिलाच्या कचेरीत किंवा रुग्णालयात कारकुनी काम करतो आणि त्याचा मोबदला परस्पर शाळेच्या फीत जमा होतो. एका जागेवर चार-पाच मुले आळीपाळीने जातात. न्यूयॉर्कमध्ये पूर्व हार्लेमला २००४ पासून अशी शाळा आहे. तेथे श्रीमंताच्या मुलाला प्रवेशच नाही. ‘कमवा आणि शिका’ हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे सूत्र साताऱ्याला ज्यांनी पाहिले त्यांना यात ओळखीचे काही दिसेल. तरी चौदा वर्षांच्या मुलाने फायली लावून शिक्षणाची किंमत चुकवावी आणि त्याच्याच वयाच्या दुसऱ्याने त्या वेळात नौकानयन शिकावे, हे एका शहरात एकाच संघाच्या शाळांतून घडते, याची बोच राहतेच.

भारतातून गेलेली कुटुंबेही या रांगेत आहेत, आणि ती सर्वच कॅथलिक नाहीत. अमेरिकेतील कॅथलिक शाळांत आज पाचव्या हिश्शाहून अधिक विद्यार्थी अन्य पंथांचे वा धर्मांचे आहेत. मुंबईच्या मिशनरी शाळेत शिकलेल्या हिंदू बापाला न्यूयॉर्कच्या कॅथलिक शाळेचे वावडे वाटत नाही. मात्र आपल्या लहानपणची शाळा तेथे पुन्हा भेटेल ही त्याची अपेक्षा फसण्याचा संभव असतो. येथे धर्मशिक्षण चारही वर्षे सर्वांना आवश्यक असते. मुंबईत ख्रिस्ती मुलांसाठी धर्मशिक्षण आणि इतरांसाठी नीतिशिक्षण अशी जी सोय असे, ती येथे धरून चालू नये.

आणि मुलगा? शरद ऋतूत या शाळा पालकांसाठी खुल्या ठेवतात. त्या संध्याकाळी बाप फीचा तक्ता पाहतो, आई ग्रंथालय पाहते. मुलगा पाहतो तो आपल्याला शाळा दाखविणारा दोन वर्षांनी मोठा विद्यार्थी. तो आपल्याशी कसा बोलला, शिक्षक दिसताच त्याचा चेहरा कसा झाला, यावरून त्याचे मत बनते, आणि ते माहितीपत्रकाहून कमी विश्वसनीय असते असे नव्हे. रोज भुयारी गाडीने जाऊन-येऊन दोन-अडीच तास त्यालाच मोजावयाचे आहेत. तीन नावांपैकी निदान एक त्याचे असावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

कॅथलिक शाळांचे निकाल साधारणतः जानेवारीत येतात. शहराच्या सार्वजनिक हायस्कुलांतील जागा कळतात त्या मार्चमध्ये. तोवर कॅथलिक शाळेची अनामत भरण्याची मुदत पुष्कळदा उलटून गेलेली असते, आणि ती रक्कम परत मिळत नाही.